वर मोठी, खाली बारीक

टोचामामांच्या चुलीतून धूर निघाला, असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी स्वतःचं नाक तपासून यायला सांगितलं असतं. पण सांगायला माझी सख्खी भाचीच आली होती आणि तिच्या केसांना धुराचा वास येत होता.

"डोळ्यांतून पाणी काढलं गं मावशी, त्या डबड्याने," ती म्हणाली. "मैदानात चाळीस माणसं खोकत होती. शेवटी सचिवांनी बाटलीतलं पाणी ओतून विझवली."

डबड्याने! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. या वयात ती तिथवर पोचायला जरा वेळ लागतो, पण पोचली की लवकर उतरत नाही.

भाची एका भटक्या मंडळाची सभासद आहे. सुट्टीच्या दिवशी पाठीवर बोचकी टाकून डोंगर चढायचे आणि संध्याकाळी पाय चोळत बसायचं, असा त्या मंडळींचा उद्योग. यंदा त्यांनी मोठं शिबिर ठरवलं आणि त्यासाठी एक पुस्तिका छापली. तंबू कसा ठोकावा, गाठ कशी मारावी, पाय मुरगळला तर काय करावं, असं सगळं तिच्यात होतं. अकराव्या पानावर टोचामामांची डब्याची चूल होती. शिबिराला येणाऱ्या प्रत्येकाने ती घरून करून आणायची, असं ठरलं होतं. दोनशे माणसं, दोनशे चुली. आणि आता एका रविवारच्या चाचणीत ती धुरकटली म्हणून सचिव म्हणाले, अकरावं पान काढून टाका, आपण बाजारातल्या गॅसच्या शेगड्या नेऊ.

"काढून टाका म्हणजे? फाडणार?"

"फाडलं तर शिवण सुटेल. ब्लेडने कापणार आहेत."

जणू मला शिवणीचीच काळजी लागली होती!

मी तिच्या हातातून पुस्तिका ओढून घेतली. अकरावं पान. मथळा: 'टाकाऊतून टिकाऊ'. त्याखाली बारीक अक्षरांत: 'एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या आठवणींतून'. ती अभिनेत्री म्हणजे मी. टोचामामांचं नाव कुठेच नव्हतं. मथळ्यात नाही, मजकुरात नाही, शेवटी तळटीप असते तिथेसुद्धा नाही.

आता टोचामामा कोण ते मलाच सांगायला हवं, कारण छापील कागदावर ते तुम्हाला सापडणार नाहीत. आमच्या नाटक कंपनीत सामान त्यांच्या ताब्यात असे. नाटकात राजाला मुकुट लागतो, खुन्याला सुरा लागतो, सासूला चाव्यांचा जुडगा लागतो. ते सगळं ज्याच्या त्याच्या हातात वेळेवर पोचवणारा हा माणूस. आणि पोचवायचं म्हणजे काय, आधी बनवायचं! मुकुट बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचा, सुरा रुळाच्या लाकडाचा, चाव्या कुठून आणायचे देव जाणे, पण खऱ्या असायच्या. इतर लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, हे भोकं पाडायचा टोचा लावत. लाकडी मुठीचा, बोटभर लांबीचा. म्हणून टोचामामा. जीभही त्याच जातीची होती. एकदा आमचे नायक विंगेत म्हणाले, "मामा, आज माझी एंट्री पाहिलीत? टाळी पडली!" मामा म्हणाले, "पाहिली. दार उघडलं त्याला पडली. कालच बिजागरीला तेल घातलं होतं."

बत्तीस वर्षं ते कंपनीत होते. प्रत्येक नाटकाचं पत्रक निघे. त्यावर लेखक, दिग्दर्शक, नायक, नायिका, मग आम्ही बाकीचे नट, मग प्रकाश, मग संगीत, आणि सगळ्यात खाली दोन शब्द: 'आणि इतर'. मामा त्यालाच आपलं नाव म्हणायचे. जेवणाची पंगत उशिरा बसली की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "नायकांचं झालं का? मग आता 'इतर'ने बसायला हरकत नाही ना?" सगळे हसायचे. मीही हसले आहे.

चूल त्यांनी पहिल्यांदा केली ती रस्त्याच्या कडेला. प्रयोगाच्या गावी निघालो होतो आणि घाटाच्या अलीकडे आमच्या बसने मान टाकली. दुपार होती, वारा असा की टोपी धरायला माणूस ठेवावा. नायकांचा घसा सकाळपासून बसला होता. गरम पाणी मिळालं नाही तर संध्याकाळी राजा मुक्याने राज्य करणार, हे उघड होतं. कुणीतरी तीन दगड मांडून जाळ करायला गेलं. वाऱ्याने जाळ आडवा झाला आणि धूर सगळा राजाच्याच तोंडात. पडदे रंगवायच्या रंगाचा एक रिकामा डबा होता, दूधपावडरचा एक होता. ते दोन्ही घेऊन मामा बसच्या मागे जाऊन बसले. ठक ठक ठक आवाज येत राहिला. तासाभराने ते एक वस्तू घेऊन आले, डब्यात डबा. आत काटक्या भरल्या, वरून पेटवल्या. पहिले दोन-चार श्वास धूर आला, आणि मग धूर गेला. कुठे गेला? आतल्या डब्याच्या तोंडाशी बारीक भोकांची माळ होती, त्या प्रत्येक भोकातून एकेक ज्योत आत झुकलेली. धूर तिथे येऊन स्वतःच जळत होता.

"धूर म्हणजे न जळलेलं लाकूड," मामा म्हणाले. "त्याला दुसऱ्यांदा संधी दिली की जळतो. नटासारखाच."

राजाने गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि संध्याकाळी तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येईल इतपत राज्य केलं.

मग ती चूल आमच्या सामानाचाच भाग झाली. थिएटरच्या मागच्या अंगणात, रंगपटाच्या दारापासून दहा पावलांवर, मामा पहिल्या घंटेला ती पेटवत आणि तिसऱ्या घंटेच्या आत चौघांच्या हातात चहा असे. गंमत बघा, याच माणसाचं रंगमंचावरचं काम धूर काढण्याचं! स्वप्नाचा प्रसंग आला की विंगेतून धुराचे लोट सोडायचे, ते मामांनी. दिग्दर्शक ओरडायचे, "मामा, अजून धूर!" आणि बाहेर अंगणात चुलीतून धुराची एक रेघ निघाली तर हाच माणूस शरमेने लाल होऊन काटक्या बदलायचा.

चूल जुनी झाली, आतला डबा जळून चाळण झाला, की मामा नवी करत. कितीदा पाहिलंय मी. डबा निवडण्यापासून त्यांचं सोवळं सुरू होई. जस्त चढवलेला पत्रा चालायचा नाही. "त्याची वाफ छातीत बसते, बाई. चहा पिऊन मरायचं असेल तर वेगळं." रंगाचा डबा असेल तर आधी बाहेर मोकळ्यावर जाळून रंग उडवायचा. मोठ्या डब्याच्या झाकणात लहान डबा घट्ट बसेल असं गोल कापायचं, कापलेली कड पकडीने आत दुमडायची, मग कानशीने घासायची. आणि मग मामींच्या कपडेपटातली एक रेशमी चिंधी त्या कडेवरून गोल फिरवायची. मामी, म्हणजे त्यांची बायको, कंपनीचे कपडे सांभाळत. चिंधीचा एक धागा जरी अडकला तरी पुन्हा कानस. कारण एकदा, अगदी सुरुवातीला, त्या कडेने माझं बोट कापलं होतं आणि मी पांढऱ्या साडीत विधवेचा प्रवेश रक्ताच्या ठिपक्यांसकट केला होता. लोकांना वाटलं, काहीतरी अर्थ आहे. समीक्षकांनी तसं लिहिलंसुद्धा.

भोकं पाडताना मामा एक वाक्य म्हणत. कामाच्या तालावर, हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला. "वर मोठी, खाली बारीक. वर मोठी, खाली बारीक." मोठी म्हणजे करंगळी जाईल एवढी, बारीक म्हणजे काडीच्या गुलाएवढी. हे वाक्य आमच्या अख्ख्या कंपनीला पाठ होतं. तालमीत कुणाचा आवाज खाली बसला की आम्ही एकमेकांना तेच म्हणायचो.

चार महिन्यांपूर्वी भाचीने विचारलं, "मावशी, तुझ्या कंपनीतल्या त्या चुलीबद्दल पुस्तिकेत देऊ या का? मामांकडे जाऊन विचारून येऊ?" मामा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, "कशाला त्यांना त्रास? मला तोंडपाठ आहे." आणि आरामखुर्चीत बसून मी सगळं सांगितलं. तिने फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि घरी जाऊन ऐकून शब्दाला शब्द उतरवलं. चित्र काढायचं ठरलं होतं, पण पानावर जागा उरली नाही. मीच जास्त बोलले होते. शेवटी मात्र मी बजावून सांगितलं होतं, "मामांचं नाव घाला हं!" ते वाक्य ध्वनिमुद्रण बंद झाल्यावर म्हटलं गेलं असावं. मामांना मी फोनवर एवढंच कळवलं, की तुमची चूल पुस्तिकेत येतेय, दोनशे माणसं करणार आहेत.

तर मी त्याच संध्याकाळी मंडळाच्या सचिवांना फोन लावला. बोलायला अतिशय गोड गृहस्थ. गोड माणसांशी भांडणं फार कठीण, साखरेत सुरी चालवल्यासारखं होतं.

"ताई, आम्ही पुस्तिकेत आहे तसंच केलं हो. एका शब्दाचा फरक नाही."

"मग तुमचे हात चुकले असतील. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"असेल, असेल. पण शिबिरात एवढी माणसं, आणि ते डबडं–"

"डबडं म्हणू नका!"

"–ते, म्हणजे, तो टाकाऊतून टिकाऊचा प्रकार. हौस म्हणून ठीक आहे. येत्या रविवारी पानं कापायला बसू म्हणतो."

"येत्या रविवारी मी येते," मी म्हटलं. "तोवर ब्लेडला हात लावाल तर बघा." काय बघा, ते मलाही माहीत नव्हतं. पण शेवटचं वाक्य पडद्यासारखं टाकायची सवय जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांकडे गेले. तीन जिने चढताना मनात सचिवांना जे जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत मामांचं दुकान. दुकान म्हणजे वस्तू आवळून धरायचा एक शेगडा, एक कानस, पकड, टोचा आणि शेगड्यात उभा आवळलेला एक जाडजूड लाकडी पाय. आमच्या सिंहासनाचा. कंपनी बंद झाली, सामान विकलं गेलं, सिंहासन कुणीतरी हॉटेलच्या दारात ठेवायला नेलं, त्याचा मोडका पाय मामांनी मागून घेतला. "राजे गेले, पाय राहिला," असं म्हणतात. भिंतीला लागून डबे रचलेले होते. धुतलेले, पुसलेले, झाकणं वेगळी. मी मोजले नाहीत, पण भिंत कमरेपर्यंत चांदीची झाली होती.

"हे एवढे कशाला?" मी विचारलं.

मामी आतून म्हणाल्या, "विचारा त्यांनाच! गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन मागून आणलेत. दोनशे माणसं चूल करणार म्हणे. एखाद्याला डबा मिळाला नाही तर? सून रोज विचारते, सासूबाई, आपण राहायचं कुठे?"

मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. हात थरथरतात, टोचा धरला की थांबतात. माझ्या हातातली पुस्तिका त्यांनी लांबूनच ओळखली. "आली का? द्या, द्या. अहो बाई, तीन महिने झाले, रोज हिला विचारतोय."

मला खोटं बोलता येतं, तो माझा व्यवसाय होता. पण समोर ती डब्यांची भिंत होती. मी सगळं सांगितलं, धूर, पाणी ओतणं, ब्लेड, सगळं.

मामा सदऱ्याच्या खिशातला टोचा काढून उगीच अंगठ्यावर फिरवत बसले. मग म्हणाले, "पाणी ओतलं?"

"ओतलं."

"तापलेल्या पत्र्यावर?"

"हो."

"मग वाकला असेल." आणि टोचा परत खिशाला लावत, "माझ्या चुलीवर कुणी पाणी ओतलं नव्हतं आजवर."

माझा संताप पुन्हा उसळला. "अहो मामा, त्या सचिवाने नक्की काहीतरी बदल केलाय! अशा माणसांना काडी लावता येत नाही आणि–"

"वाचा तुम्ही," मामा म्हणाले. "मला अक्षर दिसत नाही. नीट वाचा."

मी उभी राहून वाचलं. आवाज लावून, जागा घेत. "'आतल्या डब्याला दोन रांगांत भोकं पाडावीत. वर मोठी, खाली बारीक.'"

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "माझंच वाक्य आहे."

"मग धूर कसा आला?" मामींनी विचारलं.

मामा डोळे मिटून बसले. "पुढे वाचा." मी वाचलं. "मागे वाचा." मी मागचं वाचलं. मग त्यांनी विचारलं, "डबा कसा ठेवला होता त्यांनी?"

"कसा म्हणजे? डबा ठेवतात तसा. तोंड वर."

मामांनी डोळे उघडले. भिंतीतला एक डबा उचलला, गॅलरीत गेले आणि सिंहासनाच्या पायावर तो पालथा घातला. टोपीसारखा. आत लाकूड आलं, म्हणजे ठोकताना पत्रा चेपत नाही. डब्याचं बूड आता वर होतं, तोंड खाली. त्यांनी बुडाजवळ टोचा टेकवला.

"वर मोठी," ते म्हणाले. मग टोचा खाली, डब्याच्या तोंडाशी नेला. "खाली बारीक."

मी बघत राहिले. हजारदा पाहिलेलं होतं मी हे! तोच पाय, तोच पालथा डबा, तेच वाक्य. डबा सुलटा केला की मोठी भोकं खाली येतात. वारा बुडाकडून मोठ्या भोकांतून यायला हवा आणि तोंडाशी बारीक भोकांतून गरम होऊन धुराला भेटायला हवा. मी चाळीस माणसांना उलटी चूल करायला लावली होती. खाली गुदमरलेली, वर भगदाडं पडलेली. धूर येणार नाही तर काय अत्तर येणार?

सचिवाने एक शब्द बदलला नव्हता. भाचीने बदलला नव्हता. चूक माझी होती, शंभर टक्के माझी, आणि मी दोन दिवस साऱ्या गावावर दात खात होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मामींनी मला वाचवलं नाही. "तुम्ही सांगितलंत? आणि ह्यांना विचारलंसुद्धा नाहीत? तीन जिने तुम्हाला जड झाले होय?"

"अगं, असू दे," मामा म्हणाले.

"का असू दे? बत्तीस वर्षं असू देच केलं!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "नटांचं असंच असतं, बाई. वाक्य चोख, हालचाल विसरले."

"पालथ्या घड्यावर पाणी," मी कशीबशी म्हणाले.

"घडा कुठला? डबा," मामा म्हणाले, आणि ठोकायला लागले.

रविवारी मामा माझ्याबरोबर मैदानात आले. रिक्षात मांडीवर पिशवी, पिशवीत चूल. मामी म्हणाल्या होत्या, मी येणार नाही, मग रिक्षा निघताना येऊन बसल्या.

सचिवांनी दोन खुर्च्या मांडल्या, दोन्ही माझ्यासमोर. एक माझ्यासाठी आणि एक माझ्या पिशवीसाठी असावी. मामा उभे. मी मामा-मामींना खुर्च्यांत बसवलं आणि स्वतः उभी राहिले. भाचीने माझ्याकडे असं बघितलं, की मावशी आता काय करते कोण जाणे. टेबलावर पुस्तिकांचे गठ्ठे होते, वर एक नवं कोरं ब्लेड, अजून कागदात.

"आधी मला बोलायचं आहे," मी म्हणाले. "तुमच्या पुस्तिकेतली चूक माझी आहे. मी पाठांतर सांगितलं, काम सांगितलं नाही. चूल ह्यांची आहे. ह्यांना तुम्ही विचारलं नाहीत, कारण मी विचारू दिलं नाही."

"अहो ताई, होतं असं," सचिव मधाळपणे म्हणाले. "वय होतं माणसाचं."

वयाचा काही संबंध नव्हता! पंचविसाव्या वर्षीही मी हेच केलं असतं. पण मी गिळलं, कारण मामांनी पिशवी उघडली होती.

दोन चुली शेजारी ठेवल्या. एक गेल्या रविवारची, माझ्या वाक्याची, पाण्याने वाकलेली. एक मामांची. दोन्हींत सारख्या काटक्या. मामांनी दोन्ही वरून पेटवल्या आणि खिशातून पत्र्याचा तुकडा काढून टोच्याने त्यावर वाजवलं. टण्. "पहिली घंटा," ते मला म्हणाले. फक्त मला.

माझी चूल ताबडतोब खोकायला लागली. मामांच्या चुलीतूनही थोडा धूर आला. एक श्वास. दोन. तीन. सचिवांनी सहानुभूतीने मान हलवली. आणि मग आतल्या तोंडाशी एक ज्योत झुकली, मग तिच्या शेजारची, मग पूर्ण माळ लागली. धूर गेला. मामींनी पातेलं ठेवलं.

एक मुलगी म्हणाली, "अरे, धूर कुठे गेला?"

"जळतोय," मामा म्हणाले. "बघा ना वाकून. पण केस सांभाळा."

सगळे वाकले. चाळीस डोकी एका डब्याभोवती. तिसऱ्या घंटेच्या आत पाणी उकळलं. मामांनी तिसरी घंटा वाजवलीही, पण ती कुणी ऐकली नाही, कारण टाळ्या पडत होत्या. या वेळी दाराला नव्हत्या.

सचिव खरंच चांगले गृहस्थ आहेत, हे मला लिहायला हवं. त्यांनी ब्लेड उचलून खिशात टाकलं. "चूल शिबिरात राहील," म्हणाले. "पान राहील." मग त्यांनी घसा साफ केला. "या टाकाऊतून टिकाऊ उपक्रमासाठी आपल्या लाडक्या ताईंचे, आणि इतर सर्वांचे आभार."

आणि इतर.

मी किती वर्षांनी तो आवाज लावला! शेवटच्या रांगेसाठी ठेवलेला असतो तो. "इतर कोण?"

पलीकडे कुणी चेंडू खेळत होतं, तेसुद्धा वळून बघायला लागलं.

"नाही, म्हणजे, सगळेच–"

"सगळे नाही! एक माणूस. तुमच्यासमोर खुर्चीत बसला आहे. त्याच्या हातचं पाणी उकळताना पाहिलंत, त्याच्या चुलीचं पान वाचवलंत, आणि नाव विचारायला तुमच्या जिभेला काटे आले? बत्तीस वर्षं आम्ही या माणसाला इतर म्हटलं. आम्ही! मी! तेव्हा मला लाज वाटली नाही, आज वाटते. तुम्हाला अजून बत्तीस वर्षं थांबायचं असेल तर ह्यांना वेळ नाही!"

सचिवांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. ते मामांपुढे वाकले. "माफ करा. काय म्हणू तुम्हाला?"

मामांना गर्दीत बोलायची सवय नाही. ते चुलीतली राख काडीने सारखी करत होते. "मामा म्हणा. टोचामामा म्हणतात." मग डोकं वर करून म्हणाले, "आणि तेवढा टाकाऊ शब्द काढा."

"काढतो. पण तसा तो वाईट अर्थाने–"

"डबा रिकामा होता हो. टाकाऊ कोण म्हणालं त्याला?"

पुस्तिका नव्याने छापायची नाही, असं मामांनीच ठरवलं. दोन चिठ्ठ्या पुरतील म्हणाले. एक मथळ्यावर: 'टोचामामांची चूल'. त्यावर मामा बराच वेळ नको नको म्हणत होते. मामी म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा, पानाला काय नेसवायचं हा माझा कपडेपट आहे," आणि विषय संपला. दुसरी चिठ्ठी मजकुरात, माझ्या सुंदर वाक्याच्या आधी चिकटवायची, दोनच शब्दांची: 'डबा पालथा'.

चिकटवायचं काम मी मागून घेतलं. रोज दुपारी तीन जिने चढते. मामी डिंक लावतात, मी चिठ्ठी बसवते, मामा चष्म्यावर भिंग धरून प्रत्येक पान तपासतात आणि कड सुटली असेल तर त्यावरून रेशमी चिंधी फिरवतात. ती कशाला, मी विचारलं नाही.

काल माझी एक चिठ्ठी उलटी लागली. अक्षरं डोक्यावर. मी ती नखाने सोडवायला गेले तर मामांनी हात धरला.

"राहू द्या," म्हणाले. "डबा पालथा, चिठ्ठी पालथी. निदान त्या एकाला तरी वाचताना डोकं फिरवावं लागेल."

"अहो, पण वाईट दिसतं ते," मामी म्हणाल्या.

"दिसू दे की. पुढची द्या, बाई. दोनशेत अजून एकशे बारा राहिल्यात."